साळवे बाईंच्या रांगेतली जागा

साळवे बाई शाळेत एकट्या कधीच येत नसत. पुढे त्यांची सायकल आणि मागे बारव वस्तीवरच्या मुलींच्या सायकली, एकीमागे एक, रस्त्याच्या डाव्या कडेने, सुतळी धरून आखल्यासारख्या सरळ. त्या रांगेत दुसऱ्या मुलीच्या मागे एक जागा मोकळी असे. एक सायकल मावेल एवढीच. मुली कमी आल्या, नवीन कुणी आली, कुणाला ताप आला, तरी ती जागा तिथल्या तिथे असायची. शाळेत पत्र्याच्या शेडखाली सायकली लावतानाही बाई दोन सायकली हाताने बाजूला सारून मध्ये तेवढी जागा करत, आणि मगच पदर सावरून वर्गाकडे वळत.

मी राहुरीत आले ती नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं तेव्हा. नवं लग्न आणि विज्ञानशिक्षिकेची नवी नोकरी, दोन्ही एकदमच अंगावर आली होती. नवरा कृषी विद्यापीठात कामाला, म्हणून खोली घेतली ती बारव वस्तीच्या फाट्यावर, साळवे बाईंच्या घराला लागून. फाट्यापासून शाळेपर्यंत आधी कालव्याकडेचा रस्ता, मग मोरीचं वळण, मग मनमाडकडे जाणारा मोठा रस्ता आणि शेवटी बाजारपेठ. एसटी यायची, पण तिच्या मर्जीने. पहिल्याच संध्याकाळी बाईंनी मला विचारलं, "सायकल येते का?" मी नगर शहरात वाढलेली, रिक्षाने कॉलेजला गेलेली. नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बी.एस्सी.ची पदवी विद्यापीठाला परत करावीशी वाटली.

मग आठवडाभर शेजारच्या खळ्यावर माझी शिकवणी चालली. बाई पन्नाशीच्या जवळ आलेल्या, उंच, सावळ्या, नेहमी पांढऱ्या सुती साडीत. माझ्या सायकलचं कॅरिअर धरून त्या मागून पळत आणि पळता पळता बोलत. वर्गात त्यांची भाषा पुस्तकासारखी असायची, पण सायकलला हात लागला की त्या राहुरीच्या होऊन जात. "पदर खोच आधी. साडी चेनमधी गेली तर चेन तुटायची न्हाई, तू तुटशील." मी पडले की उठवायला येत नसत. जवळ उभ्या राहून म्हणत, "पडली का? बरं झालं. आता पडायची भीती गेली, आता पाडायची भीती धर." आपण कुणाला पाडू ही भीती ज्याला नाही त्याला त्या सायकलवर बसू देत नसत.

त्यांचे नियम शाळेत कुठे लिहिलेले नव्हते, पण मुलींना पाढ्यांसारखे पाठ होते. वळायच्या आधी हात दाखवायचा, आणि हात दाखवला म्हणजे रस्ता आपला झाला असं समजायचं नाही. डबक्यातून जाताना शेजारी पायी चालणारं माणूस असेल तर उतरायचं. दवाखान्यासमोर घंटी द्यायची नाही. बाजारात शिरलं की सायकलवरून खाली, हातात धरून चालायचं. समोरून कुणाची अंत्ययात्रा आली तर उतरून कडेला उभं राहायचं, मग ती कुणाचीही असो. आणि घंटी एकदाच. "घंटी म्हंजे काय शिवी हाय का? घंटी म्हंजे नमस्कार हाय. नमस्कार कुनी दहादा करतं का?" बाजारात एखादा मोपेडवाला मागून हॉर्न दाबून धरायचा, तेव्हा बाई सगळी रांग थांबवून त्याला पुढे काढून द्यायच्या. मुलींना सांगायच्या, "त्याला लई घाई हाय. आपल्याला पोचायचंय." आता मी पुन्हा नगरला राहते. इथे बॅटरीवरच्या स्कूटरी आवाज न करता मागून येतात, अगदी खांद्याशी आल्यावर कळतं. अशा वेळी मी कडेला होते आणि हे वाक्य मनात म्हणते.

बाई चहात साखर घेत नसत. उसाच्या गावात राहून ही बाई फिका चहा पिते, याचं सगळ्यांना नवल होतं. काहींना वाटे मधुमेह असेल. मीही तसंच समजले आणि एकदा त्यांना मेथीचे दाणे भिजवून दिले. त्यांनी ते मुकाट्याने खाल्ले.

सायकल येऊ लागल्यावर मी रांगेत लागले, अगदी शेवटी. शेवटी मोठं माणूस असावं असं बाईंचं म्हणणं होतं. शेवटून सगळी रांग दिसते, आणि मला पहिल्याच आठवड्यात काहीतरी दिसलं. त्या मोकळ्या जागेच्या मागे कुसुम वाघ नावाची आठवीतली मुलगी असायची. शांत पोर, दोन वेण्या, मोठी सायकल. रस्ता सपाट असो की चढाचा, पुढची मुलगी भरभर जावो की रेंगाळो, कुसुम आणि तिच्यामधलं अंतर कमी-जास्त होत नसे. मधूनच कुसुम ब्रेक दाबे. तिच्यापुढे काहीही नसताना.

"मध्येच का थांबतेस गं?" मी एकदा तिला शेडमध्ये विचारलं.

"पुढची थांबली ना, बाई."

"पुढची म्हणजे कोण?"

कुसुमने खाली पाहिलं, चपलेच्या टोकाने माती उकरली आणि म्हणाली, "पुढची."

मी बाईंना विचारलं. त्यांनी शिक्षिकेसारखं उत्तर दिलं. लांब रांग असली की मध्ये जागा ठेवावी, ओलांडून जाणाऱ्या वाहनासमोर अचानक दुसरं वाहन आलं तर त्याला आत शिरायला वाट राहते. मला ते पटलं, दोन दिवस पटून राहिलं. मग लक्षात आलं की त्या जागेत ट्रॅक्टर शिरणार नाही, मोपेडही शिरणार नाही. तिथे फक्त सायकल शिरेल. वस्तीवरच्या शेळ्या रस्ता ओलांडताना मुलींच्या मधून वाट काढत जात, पण त्या मोकळ्या जागेपाशी आल्या की वळसा घालत. हे मी स्वतः पाहिलं आणि घरी कुणाला सांगितलं नाही. नवरा हसला असता.

घंटीचंही तसंच. निघताना आणि मोरीच्या वळणावर बाई एकदा घंटी देत. त्यांच्या सायकलची घंटी जुनी पितळी होती, तिचा आवाज जरा दबका, घशात अडकल्यासारखा. मग प्रत्येक मुलगी त्याच ठिकाणी आली की आपली घंटी देई, आणि ओळीने सरकत सरकत ती माझ्यापर्यंत येई. मोकळ्या जागेची पाळी आली की मध्ये एक ठोका चुकायला हवा होता. तो चुकत नसे. मी स्वतःला समजावलं की हा मोरीच्या भिंतीवरून येणारा प्रतिध्वनी आहे. ध्वनीचं परावर्तन मी वर्गात शिकवत होते. पण प्रतिध्वनी मूळ आवाजाच्या नंतर येतो, आणि हा कुसुमच्या घंटीच्या आधी यायचा.

वस्तीवर लोकांना हे आधीपासून माहीत असावं, पण बोलायचं कुणी नाही. मग त्या वर्षी गळीत हंगाम सुरू झाला, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरून गेला, आणि बोलणं सुरू झालं. कुसुमचे वडील नाना वाघ रोज सकाळी सायकलला दुधाचे कॅन अडकवून डेअरीला जात. अंगाने दांडगा, तोंडाने फटकळ माणूस. एका सकाळी ते फाट्यावर रांगेसमोर सायकल आडवी लावून उभे राहिले.

"बाई, लोक काय म्हनत्यात ठावं हाय का? बाई मेलेली पोर शाळंत न्हेती म्हनत्यात. आन तिच्या मागं माझी पोर. उद्या तिची सोयरीक कोन करंल?"

"लोकांचं सोडा. तुमचं काय म्हनणं हाय, नाना?"

"जागा भरा. न्हाई तर कुसुम घरी ऱ्हाईल. तिच्यासंगं दुसऱ्याबी ऱ्हातील."

हे नुसतं बोलणं नव्हतं. वस्तीवर एकीची शाळा सुटली की मागोमाग सगळ्यांच्या सुटत, आणि सुटलेली मुलगी पुढच्या उन्हाळ्यात नवरी होई. बाई म्हणाल्या, "तुमीच भरा. या आत. चला आमच्यासंगं शाळेपत्तोर."

नानांनी कॅन फाट्यावरच्या टपरीत ठेवले आणि खरंच त्या जागेत सायकल घातली. पौषातली सकाळ, कालव्यावर धुकं इतकं की पुढून तिसरी मुलगी मला पुसट दिसत होती. नानांची पाठ मात्र दिसत होती, पिवळं जर्किन आणि वर पांढरी टोपी. अर्धा रस्ता काही झालं नाही. मोरी जवळ आली तशी नानांनी एकाएकी सायकल डावीकडे घेतली, अगदी गवतात, आणि खाली उतरले. रांग थांबली नाही. नाना कडेला उभे होते आणि आम्ही त्यांच्या शेजारून पुढे गेलो. जाताना मी पाहिलं, ते आमच्यापैकी कुणाकडेच बघत नव्हते. रांगेच्या पुढच्या भागाकडे बघत होते. तिथे जागा पुन्हा मोकळी झाली होती, पहिल्यासारखी, एका सायकलची.

दुसऱ्या दिवशी कुसुम आली नाही. तिसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या नाहीत.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर." आम्ही नानांच्या घरी गेलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. नाना गोठ्यात धार काढत होते. कुसुम दारात उभी होती, आम्हाला पाहून आत गेली. नानांच्या बायकोने चहा ठेवला. बाई म्हणाल्या, "माझ्यात साखर नको." मग त्या गोठ्याच्या उंबऱ्यावर बसल्या आणि नानांना विचारलं, "काय झालं हुतं मोरीपाशी?"

नाना धार काढतच राहिले. मग म्हणाले, "मागनं कुनीतरी घंटी दिली. मला वाटलं कुसुम. पन तिची घंटी मला ठावं हाय, मीच बसवली. ही येगळी. आन लई दांडगी न्हाई, बारीक. एकदाच दिली. वाट मागितल्यावानी." बादली सरकवून म्हणाले, "मी बाजूला झालो. आन कुनीतरी जवळनं पुढं गेलं. वारं लागलं अंगाला."

बाईंनी डोळे मिटले. मी हातातली कपबशी खाली ठेवली.

"मंगल माझ्या रांगेत तिसरी हुती, नाना," बाई म्हणाल्या. "तुमी तवा वस्तीवर आला न्हवता, तुमाला समदं ठावं नसंल. तिच्या बापाच्या मागं लागून मीच तिला शाळंत आनली. सायकलबी मीच दिली. त्या दिवशी उसाची ट्रॉली शेजारनं चालली, आनि मंगल रांग सोडून ऊस ओढायला गेली. पोरी ओढतातच. लहानपनी मीबी ओढलाय. पन मला राग आला. मागं वळून मी वरडले, जागा भरा. ऱ्हाऊ द्या तिला भाईर, म्हनलं, कळू दे जरा. पोरी पुढं सरकल्या. ती ऊस घिऊन परत आली तर तिला शिरायला जागाच न्हवती. तिनं घंटी दिली. बारीक. एकदाच, मी शिकवली तशी. मी मागं बघितलं न्हाई. आन मागनं दुसरी ट्रॉली आली."

नानांचे हात गाईच्या आचळांवर तसेच थांबले होते.

"म्हंजे ती अजून..." नाना म्हणाले आणि पुढचा शब्द गिळला.

"मी भूत मानत न्हाई," बाई म्हणाल्या. "माझ्या बापानं छप्पन सालानंतर घरातलं समदं भाईर काढलं. देव बी आन भुतं बी. ते मी परत आनलं न्हाई. पन कुनी वाट मागितली तर द्यायची, एवढं मी मानते. आन कुनी रांग सोडून गेलं, चुकलं, तरी त्याला परत यायला जागा ठिवायची. एवढंच. तुमी वाट दिलीत ना परवा?"

"दिली."

"मग तुमाला काय झालं?"

नानांनी विचार केला. "काय न्हाई झालं."

"दिली की काय हुत न्हाई, नाना. न दिली की हुतं."

कुसुम दुसऱ्या दिवशी रांगेत होती. बाकीच्या दोघीही आल्या. त्या जागेबद्दल नाना पुन्हा बोलले नाहीत. मात्र सकाळी दुधाला जाताना आमची रांग दिसली की ते आधीच कडेला होऊन उभे राहत, आणि सगळ्या सायकली गेल्याशिवाय निघत नसत. त्या संध्याकाळी नानांकडून घरी परतताना बाई मला म्हणाल्या होत्या, "तुला घंटी ऐकू येते, विद्या?" मी हो म्हटलं. "मला येत न्हाई," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं झाली. समद्यांना येते, मलाच येत न्हाई." त्यांच्या आवाजात रडणं नव्हतं, पण मला त्यांचं इतकं वाईट वाटलं की मी सायकल हातात धरून त्यांच्या शेजारून चालत राहिले. शेजारून चालायला त्यांची बंदी होती. त्या दिवशी त्यांनी मला चालू दिलं.

कुसुम दहावीत गेली त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत बाई गेल्या. दुपारी जेवून पडल्या त्या उठल्याच नाहीत. विहारातली मंडळी आली, त्रिसरण झालं, पंचशील झालं. वस्तीवरच्या मुली पांढरे कपडे घालून आल्या आणि भिंतीला लागून उभ्या राहिल्या, एकीमागे एक. दुसरीच्या मागे त्यांनी जागा सोडली होती. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बाईंची सायकल ओसरीत कुलूप लावून उभी होती. तिच्या किल्लीचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही, म्हणून ती तशीच राहिली.

सुट्टी संपून शाळा उघडली त्या सकाळी मी फाट्यावर गेले तेव्हा मुली आल्या होत्या, पण त्यांचे बापही आले होते. हंगाम सुरू झाला होता, कालव्याच्या रस्त्यावर धुकं होतं आणि त्या धुक्यातून ट्रॉल्यांची धडधड ऐकू येत होती. नाना वाघ रस्त्याच्या मधोमध उभे होते.

"बाई न्हाईत आता," एकजण म्हणाला. "पुढं कोन ऱ्हानार? ह्या बाईंना तर धड सायकल येत न्हाई."

त्याचं खरं होतं. मला शेवटी राहायची सवय होती, पुढे राहायची नव्हती. मी माझी सायकल पुढे घेऊन गेले आणि पेडलवर पाय ठेवून तशीच उभी राहिले. कुसुमला मार्चमध्ये दहावीची परीक्षा होती. आज ती घरी गेली तर मार्चपर्यंत कुणी तिला बाहेर काढणार नव्हतं, हे मला कळत होतं, तिलाही कळत होतं. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही मागंच राहा. मागं मोठं माणूस लागतं."

मी मागे गेले. मुलींनी आपापल्या सायकली रांगेत लावल्या. पहिली मुलगी जिथे नेहमी असायची तिथेच थांबली, बाईंची जागा सोडून. दुसरीच्या मागे एक जागा मोकळी. तिच्यामागे कुसुम. बाप लोक बघत राहिले. कुणीतरी म्हणालं, "आन आता कोन घंटी देनार?"

धुक्यात ट्रॉलीचा आवाज लांब गेला. मग पुढून घंटी वाजली. जुन्या पितळी घंटीचा दबका आवाज, घशात अडकल्यासारखा. एकदाच. मी मागे वळून बाईंच्या ओसरीकडे पाहिलं. सायकल भिंतीला तशीच उभी होती, कुलपात. आवाज तिकडून आला नव्हता, रस्त्यावरून आला होता.

पहिल्या मुलीने घंटी दिली. दुसरीने दिली. मग ती बारीक घंटी आली, आणि त्यानंतर कुसुमची.

नाना समोरच्या मोकळ्या रस्त्याकडे बघत होते. त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि रस्त्याच्या मधून कडेला झाले, पार गवतात.

"व्हा बाजूला," ते बाकीच्यांना म्हणाले. "वाट द्या. पोरींना उशीर हुईल."

बाप लोक सरकले. रांग हलली. एक-एक घंटी माझ्याकडे येत होती, आणि मनात सारखं येत होतं की आता तरी बाईंना ती बारीक घंटी ऐकू आली असेल. माझी पाळी आली तेव्हा मी घंटी दिली. एकदाच.